काय त्रास?

खिडकीच्या काचेला एक गोल भोक,
त्यातून आवाज आला: नाव? वय? काय त्रास?
मी म्हणालो, खोकला.

मागे वीस-बावीस माणसं होती,
त्यातली एक बाई आमच्या अशोकनगरची वाटत होती.
खोकला कुणालाही होतो.

शिक्का. खोली क्रमांक सोळा.
तिथे सगळेच खरे खोकत होते.
मीही अधूनमधून खोकलो,
न कळणाऱ्या गाण्याला पाहुण्यानं मान डोलवावी तसा.

मी टर्नर. सातपूरला, अठरा वर्षं.
मिलिमीटरचा शंभरावा भाग
बोटांना न बघता कळायचा.
आता सकाळी कप बशीवर वाजायला लागतो
आणि मंदाकिनी रेडिओ मोठा करते.

डॉक्टरीणबाई श्वास घ्या म्हणाल्या,
बघत मात्र राहिल्या माझ्या हातांकडे.
"छाती स्वच्छ आहे. शेवटची कधी घेतली?"
"रात्री."
"आणि सकाळी?"
मी क्षयरोगाचं पोस्टर खालच्या छापखान्याच्या नावासकट वाचून काढलं.
"सकाळी पण."
"आपली आपण एकदम बंद करू नका, झटके येतात.
मागची इमारत, दुसरा मजला.
केसपेपर नवा काढा, आणि या वेळी खरं लिहून आणा."

खिशात निर्मलाताईंची चिठ्ठी होती, तोच मजला लिहिलेली.
पोलिओच्या रविवारी दिली होती त्यांनी.
घरात पाच वर्षांखालचं कुणीच नाही,
तरी आशाताई दारात का थांबल्या
ते मला फार उशिरा कळलं.
घड्या घालून घालून ती बसच्या तिकिटाएवढी झाली होती.
तीनदा निघालो होतो तिच्यासाठी,
तीनदा गोल्फ क्लबच्या मैदानाला चक्कर मारून
त्र्यंबक नाक्यावरूनच वळलो होतो. कुठे, ते विचारू नका.

पुन्हा रांग. पुन्हा गोल भोक.
काय त्रास?
आता घसा खरंच बसला.
"दारू," म्हणालो. "सोडायचीय."

काही झालं नाही.
आतल्या माणसानं पेनचं टोपण दातानं काढलं
आणि लिहिलं. ऱ्हस्व लिहिलं त्यानं, दारु.
मागून कुणीतरी हळूच विचारलं,
"कितवा मजला म्हणाले, दादा?"

मी वळून बघितलं नाही.
दुसरा, म्हणालो. चला, मलाही जिना माहीत नाही.

अकरा दिवस वॉर्डात.
तिसऱ्या रात्री भिंतीवरून लोखंडाचा कीस उतरला,
निळा, गरम, वळवळत माझ्या पांघरुणाकडे.
ब्रदर पगारेनं पाय धरून ठेवले, आईवरच्या शिव्या ऐकल्या,
आणि सकाळी त्यानंच माझी दाढी केली.

आता गुरुवारी पालिकेच्या शाळेत बसतो, तिसरीच्या वर्गात.
बाकं एवढुशी, गुडघे हनुवटीला लागतात.
फळ्यावर एकोणीसचा पाढा पुसायचा राहिलेला.
केसपेपरच्या मागे मी दिवस मांडतो.
पोळ्याचा दिवस खोडायला गेलो
तर लोखंडे मॅडमनी पेन धरलं:
राहू द्या, तोही दिवसच आहे.
कप थोडा कमी वाजतो.
रेडिओ अजून मोठाच असतो. सवय.

पेखळे, तो रांगेत मागून विचारणारा,
माझ्या शेजारी बसायचा. तीन गुरुवार आला नाही.
काल गेलो पंचवटीत त्याच्या खोलीवर.
दार वाजवलं. बराच वेळ काही नाही,
मग आतून खोकला.
खरा की माझ्यासारखा, कळेना.

पायरीवर बसलो.
"औषधाची खिडकी एकला बंद होते,"
म्हणालो दाराला.
बारा वाजून गेले होते.